काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन

सूर्यास्ताचा फोटो पुढे केला की पुठ्ठेकाकांचा हात आधी खिशाकडे जायचा. खिशात काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन असत. ते फोटोवर समोरासमोर ठेवून काका चौकट लहान-मोठी करत आणि कुठून किती कापायचं ते सांगत. आमच्या छायाचित्र मंडळातल्या एकाचाही समुद्र त्यातून धड सुटला नव्हता.

म्हैसूरला समुद्र नाही. आम्ही रजा काढून किनाऱ्यावर जायचो आणि रविवारी सकाळी छापलेले फोटो घेऊन नजरबादला काकांच्या घरी हजर व्हायचो. मोबाइलवर दाखवलेलं त्यांना चालत नसे. मी नोकरीसाठी पुण्याहून आलेला, कॅमेरा नवा, त्यामुळे जरा तोऱ्यातच होतो. माझा पहिला फोटो पाहून ते म्हणाले, "क्षितिज तिरपं आहे. समुद्रातलं पाणी सगळं सांडतंय, नोडी." मग आभाळावर एक पुठ्ठा सरकवला. "सुम्ने एवढं आभाळ कशाला? आणि हा माणूस कोण कडेला? काढा त्याला. सूर्य, पाणी, अष्टे." मला राग आला. पण फोटो सुधारला होता, हे नाकारायची सोय नव्हती.

काकांचं घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. घरात मराठीच, पण कन्नडची फोडणी दिलेली: नोडी म्हणजे बघा, सुम्ने म्हणजे उगाच, अष्टे म्हणजे बस्स एवढंच. काकू कॉफी घेऊन यायच्या आणि आमची पडलेली तोंडं बघून हसायच्या. "मनावर घेऊ नका हो. जन्मभर ह्यांच्यासंगं समुद्रावर हिंडले, एका फोटोत नाही मी. मी आले की सूर्याला अडचण होते." आम्ही हसायचो. काकाही हसायचे.

गेल्या वर्षी काकू अचानक गेल्या. हार घालायला फोटो हवा होता. कपाटातून नुसते समुद्र निघत राहिले, काकू काही निघाल्या नाहीत. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्या कार्डावर कुणाचाच चेहरा बरा येत नाही, पण इतक्या हसऱ्या बाईचं ते भेदरलेलं तोंड मला बघवेना. काकांनी खाली मान घालूनच हार घातला.

नंतर बरेच दिवस रविवार भरले नाहीत. मग एकदा मीच मलप्याच्या किनाऱ्यावरचा फोटो घेऊन गेलो. सूर्य चांगला उतरला होता, पण कोपऱ्यात माझी बायको वाकून चपलेतली वाळू झटकत होती. काकांनी बोलायच्या आत मीच म्हटलं, "ही मध्ये आलीय. कापतो."

काकांनी सवयीने पुठ्ठे ठेवले. एक आत सरकवला आणि थांबले. मग अख्खा फोटो चौकटीत येईपर्यंत दोन्ही हळूहळू बाहेर नेले.

"कापू नको रे. असू दे."

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच एकेरीत बोलले.

मग ते उठून भिंतीपाशी गेले. तिथे त्यांचा बक्षीस मिळालेला सूर्यास्त लावलेला होता. सरळ क्षितिज, ओली वाळू, नाव ठेवायला जागा नाही. काकांनी वाळूवर बोट टेकवलं, ते उजवीकडे नेत नेत फ्रेमच्या बाहेर काढलं आणि कोऱ्या भिंतीवर थांबवलं.

"हितं उभारली होती ती," ते म्हणाले. "मीच म्हटलं, स्वल्प सरक."