चार ब्लेडांची फट

दुष्काळाच्या साली आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद झालं ते बंदच राहिलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आलं, पण इंजिन काही चालू होईना. पिस्टनवरच्या रिंगा गंजून खाचेत घट्ट बसल्या होत्या. शिवारात बऱ्याच जणांच्या इंजिनांचं तसंच झालं होतं आणि देवळालीचा फिटर आज येतो, उद्या येतो म्हणत होता. शेवटी माझ्या थोरल्या भावाने, दादाने, स्वतःच इंजिन उघडलं. नगरहून नव्या रिंगा आणल्या. मी तेव्हा राहुरीला शेतकीचं शिकत होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो.

घरी आलो होतो खरा, पण घरातला राहिलो नव्हतो. मी उठायच्या आत अंघोळीचं पाणी तापलेलं असायचं. जेवायला पहिलं ताट मला. काही उचलायला गेलो की कुणीतरी ते हातातून काढून घ्यायचं. मॅट्रिकच्या पुढे गेलेला आमच्यात मी पहिलाच, त्यामुळे त्यांना ते बरोबरच वाटत असावं. मला मात्र हॉस्टेलच्या खोलीत जीव कासावीस झाला की एकच गोष्ट दिसायची: दादा आणि मी गव्हाला पाणी देतोय, तो पाटावर आणि मी वाफ्यांत. या सुट्टीत इंजिन चालू व्हावं आणि त्याने मला पुन्हा वाफ्यांची दारं धरायला, पाणी वळवायला न्यावं, एवढंच मला हवं होतं. ते मागायचं कसं, हे कळत नव्हतं.

त्या दिवशी मी विहिरीवर गेलो तेव्हा दादाने लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ते नळकांडं, पुसून लख्ख केला होता. एक नवी रिंग त्यात घालून त्याने ती पिस्टनने हलकेच खाली ढकलली, म्हणजे सरळ बसावी. रिंग अखंड नसते, एका जागी कापलेली असते. तिची दोन्ही टोकं लायनरमध्ये अगदी एकमेकांना टेकली होती.

"बघ," दादा खूश होऊन म्हणाला, "केसबी जायाचा न्हाई. आता कुठनं दम जातोय?"

मी म्हणालो, "दादा, फट ठेवावी लागेल. तापल्यावर रिंग वाढते. वाढायला जागा मिळाली नाही तर ती लायनर खरवडते, नाहीतर मोडते."

"नव्याकोऱ्या रिंगंला कानस लावायची?"

"हो."

मला वाटलं, आता तो भडकेल. पूर्वी बैलाच्या वेसणीवरून, दोरीच्या गाठीवरूनसुद्धा आम्ही तासभर भांडत असू, आणि शेवटी त्याचंच खरं व्हायचं. पण त्याने रिंग बाहेर काढली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "किती ठेवायची ते सांगा साहेब."

त्याने वाद घातला असता तर किती बरं झालं असतं.

फट मोजायच्या पट्ट्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असायच्या, इथे कुठल्या! पण दाढीचं ब्लेड साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं जाड असतं, हे तिथेच कळलं होतं. आमच्या इंजिनाला चार ब्लेडांएवढी फट पुरणार होती. मी घरून दादाची ब्लेडं आणली. मागोमाग वहिनी भाकरी घेऊन आली.

"काय हो भावजी, इंजनाची दाढी करताय का?"

"त्याचं सोड," दादा म्हणाला, "माझी व्हायाची न्हाई आता. धार जानार समद्या ब्लेडांची."

"न्हाईतरी कुणाला दाखवायची हाय?" असं म्हणून ती हसली. मी कानस घ्यायला हात पुढे केला तर तिने ती आधीच उचलून दादाला दिली. "ऱ्हाऊ द्या, तुमचे कपडे काळे हुतील."

कानस ओट्यावर पायाने दाबून दादा रिंगेचं टोक तिच्यावर बेताने ओढायचा. रिंग बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची; ते कडकन मोडतं, म्हणून श्वास रोखून. मग रिंग पुन्हा लायनरमध्ये. मी ब्लेडं एकत्र धरून फटीत घालून बघायचो.

"पास?"

"अजून थोडं."

तो पुन्हा घासायला बसायचा. आमची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ होती, आणि आम्ही दुसरं काहीच बोलत नव्हतो. एकेक करून सगळ्या रिंगा झाल्या. पिस्टनवर चढवताना मी म्हणालो, "फटी एकीखाली एक येऊ देऊ नकोस."

"तेवढं येतंय आमाला," तो म्हणाला.

रागाने नाही म्हणाला. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.

दुपारनंतर त्याने हँडल मारलं. इंजिन दोन-तीनदा खोकलं, निळा धूर सोडला आणि मग लागलं. पाइपातून पाणी हौदात कोसळलं. दादाने फावडं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता पाटाच्या कडेने निघून गेला. मी उभा राहिलो. बोलावेल असं वाटत होतं. तो बराच लांब गेला, वाफ्यांशी पोचला, तेव्हा वळून हात हलवत काहीतरी ओरडला. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही. बोलावतोय असंच मी धरलं. चपला तिथेच काढल्या, पँट दुमडली आणि जवळजवळ पळतच गेलो.

"तू का आलास?" तो खेकसला. "अक्कल हाय का? नव्या रिंगा घातल्यात, त्याचं तेल कोण बघंल? तापलं म्हंजी? तिथंच बस म्हनून आरडतोय मघाधरनं!"

कितीतरी दिवसांनी तो माझ्यावर असा ओरडला होता. मला हसू आलं असावं, कारण तो आणखीच चिडला. "जा म्हनलं न्हवं!"

मी परत फिरलो. अंधार पडेपर्यंत इंजिनापाशी बसून होतो, मधूनमधून तेल बघत, इंजिनाला गार ठेवून बाहेर पडणारं पाणी किती गरम येतंय ते हात लावून बघत. लांब वाफ्यांत दादा एकटाच वाकत होता आणि उठत होता.