न्याहारीआधीची पैज

रविवार, तारीख नऊ, सकाळचे पावणेआठ. रक्कम पाचशे रुपये. हजर तिघे: मी, समोरच्या इमारतीतले निवृत्त इंग्रजीचे सर आणि सातपूरला वर्कशॉप चालवणारा माझा मेव्हणा.

दर रविवारी आम्ही गंगापूर रोडने चार किलोमीटर चालतो आणि मग मिसळ खातो. मिसळ यायला वेळ होता. सर सांगू लागले, की न्याहारीला इंग्रजीत पूर्वी जेंटेशन म्हणत, शब्द लॅटिनमधून आलेला. न्याहारीसंबंधीचं ते जेंटॅक्युलर, आणि आपल्या या चालण्यासारखं न्याहारीआधीचं ते अँटेजेंटॅक्युलर.

मेव्हणा म्हणाला, "सर, हा माल बाजारात नाही. तुमच्या घरीच बनलाय."

एरवी सरांनी त्याला सोडलं नसतं. पण महिन्याभरात दोनदा ते स्वतःचा फोन नंबर विसरले होते, आणि पुण्याची मुलगी त्यांना कायमचं तिकडे न्यायचं म्हणत होती. त्या दिवशी ते हळूच म्हणाले, "शब्द खरंच आहे की मी मनाने रचला, तेवढं बघा बुवा."

मेव्हण्याला चूक कळली. त्याने घाईने पैज लावली. शब्द नसेल तर सरांनी पाचशे द्यायचे, असेल तर आम्ही अडीचशे-अडीचशे. मोबाईल चालणार नाही, छापील हवं, ही सरांची अट.

घरच्या डिक्शनरीत शब्द नव्हता. हे मी सरांना सांगितलं नाही. शनिवारी तिघे वाचनालयात गेलो आणि मोठ्या कोशाचे ए आणि जे अक्षरांचे खंड काढले. तिन्ही रूपं होती. शेजारी, आता वापरात नाही, अशी खूण.

"दाजी, मेलेला शब्द धरायचा का?"

"पैज असण्यावर होती, जिवंत असण्यावर नाही. तुझ्या घरी तरी न्याहारी कोण म्हणतं? ब्रेकफास्टच चालतो ना?" मी म्हणालो.

सरांनी त्या नोंदी मला दोनदा वाचायला लावल्या. मग पायरीवर उभं राहून मुलीला फोन केला आणि तिन्ही रूपं ऐकवली. पुण्याचा विषय त्या फोनवर निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी, सरांच्या हुकमावरून, न्याहारीआधीच पैसे चुकते केले. तीन मिसळ तीनशे नव्वद, तीन ताक नव्वद, एकूण चारशे ऐंशी मिसळवाल्याला. उरलेले वीस सरांना.