भाऊजींनी तपासून दिलेली गाडी

हैदराबाद-नागपूर रस्त्यावर एकदा लिहा, असं हा ब्लॉग वाचणारे दोघं-तिघं बरेच दिवस म्हणताहेत. आता तो चौपदरी झालाय. सकाळी निघालेला माणूस दुपारी घरी जेवायला पोचतो. मी त्यावर पहिल्यांदा गाडी चालवली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तो प्रवास मी आजवर कुणाला धड सांगितलेला नाही.

तेव्हा मी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्याची बस चालवायचो. पाळी सुटली की कामगार शहरात सोडायचे, दुसऱ्या पाळीचे उचलायचे. डोक्यात एकच होतं, स्वतःची गाडी घ्यायची आणि टॅक्सी म्हणून चालवायची. नवी गाडी नंबर लावूनही वर्षानुवर्षं मिळत नसे, मिळाली तरी परवडली नसती. जुनी घ्यायची तर नागपुरात ज्या होत्या त्यांचा जीव आधीच गेलेला.

माझी मोठी बहीण, आमची ताई, सिकंदराबादला दिलेली. भाऊजी तिथल्या एका मोटार वर्कशॉपमध्ये फोरमन. त्यांचा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ट्रंक कॉल आला. एका निवृत्त साहेबांची गाडी विकायला निघाली आहे म्हणाले.

"मी स्वतः पाहिली गा मधू. खालून वरून सगळी. इंजिन असं की पाण्याचा पेला ठेव वर, हलणार नाही. डोळे मिटून घे."

मी नोकरीचा राजीनामा दिला, आईच्या बांगड्या मोडल्या आणि दक्षिणेकडच्या रेल्वेत बसलो.

सिकंदराबाद स्टेशनवर भाऊजी घ्यायला आले होते. जय भीम केला, माझी पिशवी त्यांनी हातातून काढून घेतली. स्टेशनसमोरच्या इराण्याकडे चहा पाजला, सोबत खारट-गोड बिस्किटं. ती बिस्किटं अजूनही मिळतात, अजूनही चांगली लागतात. संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. गाडी पांढरीशुभ्र, नवा रंग मारलेली. साहेबांना कुठेतरी जायची घाई होती, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारली आणि परत आलो. खाली वाकून बघावं असं मनात आलं. पण भाऊजी बाजूला उभे होते. त्यांनी पाहिलेली गाडी त्यांच्याच देखत मी परत तपासणं म्हणजे त्यांचा अपमान, असं मला वाटलं. सह्या झाल्या.

त्या रात्री ताई जेवण वाढून लगेच आत निघून गेली. सकाळी मी निघायला लागलो तर ती पिशवी भरून दारात उभी. "मी येते तुह्यासंगं. आईले भेटून लई दिवस झाले."

भाऊजी म्हणाले, "काहून? पुढच्या महिन्यात जाशील ना."

"आताच जाते," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. भाऊजींचा चेहरा पडलेला मला दिसला. बायको अचानक निघाली म्हणून पडला असेल, असं तेव्हा वाटलं.

मेडचलच्या पुढे शहर संपलं आणि मोठमोठे गोल दगड एकमेकांवर रचल्यासारखे दिसायला लागले. गाडी मोकळ्या रस्त्यावर डावीकडे ओढत होती. टायरात हवा कमी असेल म्हणून रामायमपेटला भरून घेतली. ओढणं थांबलं नाही. कामारेड्डीला इडली खाल्ली, सोबत डोळ्यांतून पाणी काढणारी शेंगदाण्याची चटणी. ताईनं एक इडली कुस्करून तशीच ठेवली. गोदावरीच्या पुलावर मी गाडी हळू केली. पात्र रुंद, पाणी कमी, वाळूत म्हशी. "बघ ना," मी म्हणालो. ती बघत नव्हती. एका हातानं तिनं दाराची कडी धरून ठेवली होती.

निर्मल लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. आजही थांबून बघण्यासारखी दुकानं आहेत. मी मात्र सरळ घाटाला लागलो. तेव्हा घाट अरुंद होता, दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, समोरून लाकडांनी लादलेले ट्रक. एका उजव्या वळणावर खालून कडकन आवाज आला, स्टिअरिंग हातात थरथरलं आणि ताईच्या बाजूचं दार आपोआप उघडलं. ती अर्धी बाहेर गेली. मी तिच्या दंडाला धरून ओढलं आणि गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली.

ती ठीक होती. कोपर खरचटलं होतं, एक चप्पल दरीत गेली होती. मी गाडीखाली शिरलो. खालचा सांगाडा मधोमध जोडलेला होता. वेल्डिंगची जाडजूड रेघ इकडून तिकडे गेलेली आणि एका बाजूला फाटायला लागलेली. पुढच्या भागाचा मूळ रंग हिरवा, मागच्याचा करडा. अपघातात चेपलेल्या दोन गाड्या कापून त्यांची एक केली होती. बस चालवणाऱ्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. वाकून बघितलं असतं तर.

बाहेर आलो तेव्हा ताई दगडावर बसली होती. मी म्हणालो, "भाऊजींले फसवलं त्या साहेबानं. आपण परत जाऊ."

ती म्हणाली, "साहेबाची नाही ती. ह्यांच्याच वर्कशॉपात जोडली. रोज घरी येऊन सांगत होते, आज इतकं झालं, आज तितकं झालं. गिऱ्हाईक मिळत नव्हतं. साहेब नुसता नावाले."

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तिथं राहायचं हाय मले, मधू." तिनं पदरानं कोपर पुसलं. "सांगता येत नव्हतं. तू एकटा हे घेऊन या घाटातून येशील, हे बी सहन होत नव्हतं. म्हणून बसले."

भाऊजींना त्यांच्याच वर्कशॉपच्या दारात, सगळ्यांसमोर, गाडीखाली झोपवून ती रेघ दाखवायची, एवढंच मला दिसत होतं. मी गाडी वळवायला निघालो.

"परत नेशील तर त्याइले समजंल मीच बोलले," ती म्हणाली. "तू भांडून नागपूरले निघून जाशील."

मी गाडी वळवली नाही. दार दोरीनं बांधलं, ताईला मागे बसवलं आणि सायकलच्या वेगानं घाट पार केला. इचोडा, आदिलाबाद, मग पैनगंगेचा पूल. पांढरकवड्याला एका लॉजवर उतरलो. खानावळीत भाकरी आणि वांग्याची झणझणीत भाजी मिळाली. दुसऱ्या दिवशी हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. आता दोन तासांचा तो पट्टा आम्हाला दुपार उलटेपर्यंत पुरला.

आरटीओच्या तपासणीत गाडी नापास झाली, व्हायलाच हवी होती. भंगारवाल्यानं इंजिन वेगळं आणि पत्रा वेगळा घेतला. कारखान्यानं माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. पुढची कितीतरी वर्षं मी कोराडीला कोळशाचे ट्रक चालवले, दुसऱ्याच्या मालकीचे. ताई पंधरवड्यानं परत गेली. मी तिला रेल्वेत बसवून दिलं, पण तिच्या घराची पायरी पुन्हा चढलो नाही. भाऊजी वारले तेव्हाही नाही. ती मात्र येत राहिली, दर वर्षी, एकटीच.

जुनी गाडी दुसऱ्या गावाहून घेणार असाल तर एवढंच सांगतो. स्वतः खाली वाका, कोण बाजूला उभं आहे ते बघू नका. आणि तपासायला पाठवायचंच असेल तर परका माणूस पाठवा. परक्यानं फसवलं तर निदान पोलिसात जाता येतं.

गाडी का विकली, असं आईनं विचारलं तेव्हा इंजिन बसलं म्हणून सांगितलं. तिला ते खरं वाटलं. नशिबाला दोष दिला तिनं, जावयाला नाही. शेवटच्या आजारपणात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "आमच्या जावयानं धडपड करून पोराले गाडी पाहून देल्ली होती. आजकाल कोण करते एवढं?"

तेव्हा ताई तिचे पाय चेपत असायची आणि मी खाटेशेजारी उभा असायचो. आई आमच्याकडे बघायची. आम्ही दोघं मान हलवायचो.