आठ फुटांची दुरुस्ती

देवणी तालुक्यात माणूस भेटला की आधी पाऊसपाणी विचारतात आणि मग गट. पक्ष कुणी विचारत नाही, तो एकच आहे. त्यात एक गट आमदार मृत्युंजयभाऊंचा आणि दुसरा जिल्हाध्यक्ष बसवंतअप्पांचा. शिवकांताला कुणी गट विचारला की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "माझं रान लिंबाजीच्या मागं हाय. तेवढं सांगा भाऊला न् अप्पाला बी."

रान खरंच मागं होतं. तिच्या सासऱ्याच्या काळात लिंबाजीच्या शेतातून गाडीवाट जायची. एका उन्हाळ्यात लिंबाजीनं ती नांगरून घेतली आणि पावसाळ्यात तिच्यावर सोयाबीन पेरलं. तेव्हापासून शिवकांता धुऱ्यावरून, दोन रानांमधल्या बांधावरून जायची. बियाण्याची पिशवी डोक्यावर, शेणखताची पाटी डोक्यावर, निघालेला मालही डोक्यावर. काळ्या मातीचा धुरा पावसात साबणासारखा होतो. दोनदा ती पोत्यासकट नालीत गेली. नवरा उदगीरच्या अडतीवर मुनीम, तो सणावारी यायचा आणि म्हणायचा, इकून टाक.

लिंबाजी तरी काय म्हणत होता? माणूस वाईट नव्हता, मयतीला पहिला यायचा, लग्नात वाढायला उभा राहायचा. दर दिवाळीला मात्र तिच्या दारात येऊन बसायचा न् चहा पिऊन सांगायचा, "वहिनी, मलाच द्या ते रान. वाट नसलेलं दुसरं कोण घेतंय?" भावही वाट नसल्याचाच सांगायचा.

तहसीलला अर्ज होता. वाटेचा कायदा पहिल्यापासूनच आहे, पण त्यात तारीख पडते, साहेब बदलतो, नवा साहेब पुन्हा पाहणी लावतो आणि लिंबाजीचा वकील पुन्हा वरच्या कोर्टातून स्थगिती आणतो. म्हणून शिवकांता पक्षाच्या प्रत्येक बैठकीत उभी राहायची. महिला आघाडीची ती जुनी कार्यकर्ती. सभेला जीपा भरून बाया न्यायचं काम तिचं. त्यामुळं तिला खाली बस म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मृत्युंजयभाऊंनी अखेर मनावर घेतलं. मुंबईला खेटे घालून त्यांनी सरकारकडून शेतरस्त्याचं विधेयक आणवलं. बारा फुटांचा रस्ता, तीन महिन्यांत निकाल, आणि निकालानंतर स्थगिती नाही. शिवकांतानं ते तीनदा वाचून घेतलं. बारा फुटांत हार्वेस्टर जातो. तिचे गुडघे आता वाकून सोयाबीन कापायच्या लायकीचे राहिले नव्हते आणि मजूर मागचं रान म्हटलं की दुप्पट मागत होते.

मग भाऊंच्या कार्यकर्त्यांनी ती चूक केली. विधेयक अजून सभागृहात यायचं होतं, तर यांनी देवणीच्या बसस्टँडवर बॅनर लावला. ऐतिहासिक कायदा मंजूर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. भाऊंचा फेट्यातला फोटो, ढोपरापर्यंत. बाजूला शिवकांता, डोक्यावर पाटी. आणि बसवंतअप्पा कुठं, तर तळाला, शुभेच्छुकांच्या रांगेत, चहाच्या हॉटेलवाल्याच्या नंतर.

आमच्याकडं भाषणात कुणी काही बोललं तर विसरतात. फोटोची जागा विसरत नाहीत. अप्पांची गाडी चौकात क्षणभर थांबली, काच खाली आली, काच वर गेली. त्यावरून सगळ्यांनी ओळखलं.

पावसाळी अधिवेशनात विधेयक आलं आणि अप्पांच्या शब्दातले आमदार एकामागं एक उठले. बारा फूट म्हणजे लहान शेतकऱ्याचा धुरा गेला, त्याची बाजू कोण ऐकणार, असं म्हणाले. विरोधी पक्षाला काही करायचंच राहिलं नाही. ते बाकावर टेकून हसत बसले. विधेयक समितीकडं गेलं. समितीत दोन्ही गटांची माणसं समसमान, तेव्हा तिथं त्याचं काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आता शिवकांताकडं दोन्हीकडून निरोप यायला लागले. भाऊंची माणसं म्हणाली, अक्का, उघड आमच्या गटात या, अप्पांचं नाव घेऊन बोला. अप्पांची माणसं म्हणाली, पेपरला सांगा की न विचारता तुमचा फोटो लावला. तिनं दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावलं. गावात लोक टोमणे मारायला लागले, की बाई ना घरची ना घाटाची होऊन राहिली. लिंबाजी दिवाळीला आला तेव्हा त्यानं भाव आणखी उतरवला.

दिवाळी झाल्यावर ती एकटीच उदगीरला अप्पांच्या दालमिलवर गेली. तुरीच्या टरफलांचा धुरळा उडत होता. अप्पा खुर्चीत, उपरणं तोंडावर. त्यांनी तिला बसवलं, पाणी मागवलं आणि आपण कायद्याच्या आड नाही हे लई सविस्तर सांगितलं. आपली माणसं धुऱ्याचे मालक आहेत, त्यांचं बघावं लागतं. लिंबाजी आपलाच आहे. आणि भाऊंनी एकदा विचारायला नको होतं का?

फोटोचं नाव ती काढणार नव्हती. ते काढलं असतं तर अप्पांना नाकारावं लागलं असतं आणि बोलणं तिथंच संपलं असतं.

"धुऱ्याचंच हाय ना अप्पा? मंग किती फूट जमतंय तुमाला?"

अप्पा उडवून लावल्यासारखे म्हणाले, "आठ. आठाच्या वर एक बोट न्हाई."

"मंग आठाची दुरुस्ती आणा. तुमच्या आमदारानं मांडायची. धुरा वाचवला अप्पानं, असं लिंबाजीच सांगंल गावभर."

अप्पांनी तोंडावरचं उपरणं काढलं. "आठात तुझं यंत्र जात न्हाई बाई. ठाऊक हाय का तुला?"

"हाव. गाडी जाती. ट्रॅक्टर अंग चोरून जातंय. पण तीन महिन्यांचं न् स्थगितीचं तसंच ऱ्हावं लागतंय. तिथं बोट लावू नका."

अप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग त्यांनी विचारलं, मृत्युंजय ऐकंल का? ती म्हणाली, ते माझ्याकडं लागलं.

भाऊ ऐकत नव्हते. देवणीच्या कार्यालयात चार माणसांदेखत ते तिच्यावर तापले. बारा फुटांसाठी आपण मुंबईत चपला झिजवल्या, आता आठावर आलो तर जिल्हा म्हणेल अप्पापुढं वाकला. पुढच्या अधिवेशनात पाडू त्यांची माणसं, थोडा दम धर. शिवकांता म्हणाली, दम धरायला मला हरकत नव्हती, गुडघे ऐकत नाहीत. भाऊंनी माणसांना बाहेर घालवलं.

"अक्का, ज्या रानासाठी हे सगळं केलं, तिथंच हार्वेस्टर जायचा न्हाई. मंग तुमाला काय मिळालं?"

"वाट मिळती. आज माझ्याकडं बारा फूट बी न्हाई, आठ बी न्हाई. तुमी बारासाठी भांडा, मी लिंबाजीला रान इकते. मंग तुमच्या कायद्यावरून लिंबाजीच चालंल."

भाऊंनी कपाळ चोळलं. दुरुस्ती आपण सुचवली असं म्हणता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. ती म्हणाली, न्हाई, ती अप्पांचीच ऱ्हाऊ द्या. कायदा तुमचा, दुरुस्ती त्यांची. भाऊ हसले, पण ते हसणं कडू होतं.

त्यानंतरही सुरळीत झालं नाही. समितीत अप्पांच्या एका माणसानं तीन महिन्यांचे सहा करायचा डाव टाकला. शिवकांतानं अप्पांना फोन लावून, दालमिलवर काय ठरलं होतं तेवढंच विचारलं. सहाचे पुन्हा तीन झाले. नागपूरच्या अधिवेशनात, शेवटच्या दिवशी, गोंधळात, विधेयक आठ फुटांच्या दुरुस्तीसह मंजूर झालं. दोन्ही गटांनी आपापले फटाके उडवले. शिवकांता तेव्हा तुरीत होती. तिनं फोन कमरेला खोचला आणि उरलेली ओळ तोडून घेतली.

पुढच्या वैशाखात तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि एक पोलीस रानात आले. साखळी पडली, चुन्याची फक्की पडली. जेसीबीनं लिंबाजीचा धुरा बरोबर आठ फूट कापला. लिंबाजी कडुलिंबाखाली उभा होता. चिडलेला नव्हता. अप्पांनी चार फूट वाचवले, असं तो मंडळ अधिकाऱ्याला सांगत होता.

शिवकांतानं भाड्यानं आणलेली गाडी तयार ठेवली होती. देवणी बैलांची जोडी, गाडीत वरपर्यंत शेणखत. ती स्वतः कासरा धरून पुढं निघाली. दोन्ही चाकांना फक्कीपासून वीतभरच जागा राहत होती.

लिंबाजी मागून म्हणाला, "वहिनी, हार्वेस्टर तर यायचा न्हाईच यातून."

"न्हाई येत," ती वळून म्हणाली. "त्या चार फुटांसाठी अर्ज लिहून ठिवलाय. अप्पाला एक न् भाऊला एक. आता बाजूला व्हा भाऊजी, बैल उनात हायत."

लिंबाजी बाजूला झाला. गाडी गेली.