दुकानाच्या पायऱ्यांवरून

तामसीजवळ मी शिकवते त्या शाळेची वाट दगडगोट्यांची. साध्या सायकलीवर मनगटं दुखायची, म्हणून पन्नाशीत मी आदिलाबादच्या दुकानात शॉकअपवाली सायकल घ्यायला गेले. दुकानदार टोपलीवाली लेडीज सायकलच पुढे करत राहिला. मी शॉकअपवालीकडे बोट दाखवलं, तर म्हणाला,

"मॅडम, वो तो लड़कों की है."

सोबतची नणंद कुजबुजली, "काऊन जिद्द करून राह्यली वयनी? लोक हासतीन."

मी ओढणी कमरेला बांधली, हवी होती तीच सायकल काढली आणि बसून दुकानाच्या पायऱ्यांवरून थेट रस्त्यावर उतरवली. पुढचे शॉकअप दबले, पुन्हा वर आले. मनगटांना धक्का जाणवलासुद्धा नाही.

"यही चाहिए," मी म्हणाले.

आता रोज तिच्यावरूनच शाळेत जाते. हसणारे अजून हसतात. त्यांच्यासाठी मी रस्ता बदललेला नाही.