सगुणची चौकटीची वही

साखळी गावच्या बाजारात टायपिंग शिकवणारा सगुण दोन हजार एक साली चोर ठरला. त्याचं दुकान आमच्या घराला लागूनच, म्हणून ही चोरी मी पहिल्यापासून पाहिली. इतकी सावकाश चाललेली चोरी दुसरी पाहिली नाही.

गावच्या देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे पिढीजात हक्क असलेल्या घराण्यांतल्या सभासदांची, यादी त्यानं दोन वर्षं खपून एका मराठी सॉफ्टवेअरवर टाइप केली होती. सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं. बिलाला कुंकू लावून देवापुढे ठेवलेलं. मग घराणेवार यादी लावणारा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला. पण जुनी फाइल त्यात उघडली की सगळे महाजन चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडत. काही जणांना ते शोभतही होतं.

सॉफ्टवेअरनं आतून कुठल्या अक्षराला कुठला आकडा दिलाय, एवढंच सगुणनं कंपनीला पत्रानं विचारलं. उत्तर आलं, "हे आमचं गुपित आहे." मग तो बसला. 'अ' टाइप करायचा, फाइलमध्ये कुठला आकडा उमटला ते बघायचं, चौकटीच्या वहीत लिहायचं. मग 'आ'. सबंध बाराखडी महिनाभर गिरवली.

वहीचा सुगावा लागताच कंपनीची नोटीस आली: कॉपीराइटचा भंग, कॉम्प्युटर जमा करा, दुकान बंद करा. दुकान गेलं तर सगुणकडे उरणार काय, तर दहा बोटं.

देवस्थानचे अध्यक्ष कृष्णनाथबाब घाबरले. वकिलाकडे जायचं सोडून त्यांनी देवाला कौल लावला. मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या लावल्या, उजवीकडची पडली की होकार, आणि गाऱ्हाणं घातलं, "सगुण निर्दोष असेल तर उजवी दे." तासभर एक पाकळी हलली नाही.

"बघितलंस रे सगुणा? देव गप्प आहे."

"नोटीस देवाला कुठं आलीय, बाब? मला आलीय."

मी रोज दिवा लावणारी बाई. जे कायद्याच्या पुस्तकात छापलंय, ते देवानं पाकळीवर परत कशाला सांगावं?

सगुण डिचोलीच्या वकीलबाई सुलोचना यांच्याकडे गेला, तर त्यांनी ते पानच काढून दाखवलं. प्रोग्रॅम ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याला तो कसा चालतो ते अभ्यासायची मुभा. आपला स्वतंत्र प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढायचीही मुभा. कंपनीचा प्रोग्रॅमच उतरवून विकला असता, तर ती चोरी.

"बिल आहे? माहिती मागितल्याचा पुरावा?"

सगुणनं कुंकू लावलेलं बिल आणि गुपिताचं पत्र पुढे ठेवलं. वकीलबाई पत्र वाचून हसल्या. "हे त्यांनीच लिहून दिलं? फार उपकार झाले."

उत्तर गेलं, आणि कंपनीही देवासारखीच गप्प झाली.

यादी छापून झाल्यावर कृष्णनाथबाब पेढे घेऊन दुकानात आले. "देवानंच राखलं हो. आता ती वही देवस्थानच्या कपाटात कुलपात ठेवूया. दुसऱ्या देवस्थानानं उतरवून घेतली तर? आपलं गुपित आहे ते."

सगुणनं पेढा तोंडात टाकला आणि वहीची पानं सुटी करून एकेक दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर डकवायला घेतली.

"बाब, जरा हा डिंक धरा," तो म्हणाला.