बिनडोक्याचा मोडेम

माझ्या दिराला कम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं आमच्या प्रभादेवीच्या घरात सगळे धरून चालत. तोही. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, त्या काळची ही गोष्ट. मोडेम त्यानेच आणला, ऐटीत बसवला आणि वर पडद्यावर गणपतीचा स्क्रीनसेव्हर लावला. हलत्या ज्योती, फिरणारं चक्र, पडणारी फुलं. माऊसला काही वेळ कोणी हात लावला नाही की देव प्रकट.

मला तेव्हा घरबसल्या काम मिळायची आशा होती. परळच्या एका कंपनीसाठी परदेशी डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायचं. मुलगी तान्ही, बाहेरची नोकरी सुटलेली. हेही गेलं असतं तर माझं शिक्षण पोळपाटाखाली गेलं असतं. चाचणीची फाइल उतरवून, टाइप करून संध्याकाळपर्यंत परत पाठवायची होती. सकाळपासून ती अर्धी यायची आणि लाइन तुटायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

"वहिनी, हात लावू नका! हात लावला की तुटतं," दीर बजावायचा. आम्ही सगळे हात आवरून बसायचो. गणपती यायचा, दीर हात जोडायचा, लाइन तुटायची. मग तो टेलिफोनवाल्यांना शिव्या घालायचा. स्वतःच्या मूर्खपणाची ज्याला शंकासुद्धा येत नाही, अशा माणसाचा मला मनस्वी तिटकारा आहे.

शेवटी खोक्यातलं माहितीपत्रक मीच वाचलं. काही मोडेमना स्वतःचं डोकं असतं, ते आपलं काम आपण करतात. काही अर्धं काम कम्प्युटरवर ढकलतात. आणि काही अगदीच ऐतखाऊ. त्यांच्याकडे नुसती तार खुपसायची जागा, बाकी सगळी मेहनत कम्प्युटरची. आमचा अर्थातच या शेवटच्या जातीतला, आणणाऱ्याला शोभेल असा. कम्प्युटर ज्योती हलवण्यात गुंतला की मोडेमचं काम करणार कोण? लाइन नेमकी तेव्हाच तुटत होती.

मी माऊस धरला आणि हलवत बसले.

"वहिनी, काय करताय? आता गेलीच लाइन!" दीर ओरडला.

"गप्प बसा, भाऊजी," मी म्हणाले. इतकं सरळ मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते.

गणपती आला नाही. फाइल आली.

काम मिळालं. दिराने मजल्यावर पेढे वाटले. "बाप्पाची कृपा, आणि आपला मोडेम!" मी स्क्रीनसेव्हर काढला तर सासूबाईंचा चेहरा उतरला, आणि दिराने तो पुन्हा लावला. मग काय, रोज सकाळी फाइल उतरेपर्यंत मी माऊस फिरवत बसायचे. त्या कामावर मुलगी शाळेत गेली, घर चाललं. आणि दीर आल्यागेल्याला हसून सांगायचा, "वहिनीला ना, माऊसशी खेळायचा चाळाच आहे."